शेऱ्याचा रकाना

सळईवर घण पडल्याचा आवाज आला तेव्हा मी चहा गाळत होतो. पहिला घाव टण् वाजतो, लोखंडावर लोखंड. दुसराही तसाच. तिसऱ्याला आवाज खाली बसतो, कारण सळई मातीत शिरलेली असते. नंतर नुसतं धप् धप्. एकतीस वर्षं या आवाजाचा पगार खाल्ला, त्यामुळे खिडकीत जाऊन बघायची गरज नव्हती. तरी गेलो. गाळणं हातात तसंच, चहा फरशीवर ठिबकत होता. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला धरून, एक माणूस सळया ठोकत होता आणि एक मुलगी त्यांना पिवळी वायर जोडत होती. ड्रेनेजच्या चेंबरपासून बोअरपर्यंत आणि बोअरच्याही पुढं, एका ओळीत, मीटरमीटरवर सळई. हे लोक येणार हे मला माहीत होतं. मीच आणायला लावलं होतं. सात अर्ज लिहिले, तेव्हा महापालिकेनं सोसायटीला तपासणी करून घ्या म्हणून पत्र दिलं. पण मला वाटलं होतं ते चेंबरमध्ये रंग टाकतील. रंग बोअरमध्ये उतरला की झालं, दिनेशच्या तोंडाला काळं. जमिनीत वीज सोडतील असं वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं? सगळ्या इंदिरानगरात हे मला एकट्याला सुचायला हवं होतं.

दिनेश म्हणजे आमचा सेक्रेटरी. गेल्या पावसाळ्यात महापालिकेचं पाणी तीन दिवस नीट आलं नाही, तेव्हा त्यानं बोअरचं पाणी खालच्या टाकीत सोडलं. कुणाला विचारलं नाही, नोटीस लावली नाही. बोअर झाडांना आणि गाड्या धुवायला होती. महिन्याभरात चौदा जणांना कावीळ झाली. तेरा उठले. मोहिनी उठली नाही. मी फिल्टरचं पाणी पितो, ती माठातलं प्यायची. फिल्टरच्या पाण्याला चव नाही म्हणायची, आणि माठ नळाखाली भरायची. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला दिनेश पांढरा सदरा घालून आला, पुढच्या रांगेत बसला, वंदना संपेपर्यंत मान खाली घालून बसला. जेवायला थांबा असं मी त्याला म्हटलं नाही. तो दारापाशी येऊन म्हणाला, "पगारे काका, काही लागलं तर सांगा." मी म्हणालो, "माझी बायको लागते." लोकांनी मला बाजूला घेतलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी फक्त लेखी बोलतो. स्नेहल, माझी मुलगी, पुण्याहून फोन करते, म्हणते, पप्पा, सोडा आता, तुमची तब्येत बघा. तिला काय सांगू? सोडलं तर सकाळी उठून काय करू? अर्ज लिहिताना मी टेबलाशी बसतो, चष्मा लावतो, मोहिनीचं नाव लिहितो. दिवसातून तेवढंच एक काम मला नीट जमतं.

मी खाली गेलो. ती मुलगी मला आवडली नाही. पंचविशीची असेल, डोक्यावर टोपी, पायात बूट, प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप. तिचं नाव शुभांगी, हे तिनं न विचारता सांगितलं. "काका, वायरवर पाय देऊ नका हं," म्हणाली. मी म्हणालो, "मी ही वायर तुमच्या जन्माआधीपासून ओढतोय." ती हसली. राग आला नाही तिला. तो यावा म्हणूनच मी बोललो होतो. "म्हणजे तुम्हीच ते पगारे सर? मग सांगायलाच नको." आमच्या वेळी चार सळया असायच्या. बाहेरच्या दोघींतून बॅटरीची वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोघींवर ती किती उतरली ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते तो आकडा निघतो, ओल असली की कमी. एक आकडा घेतला की घणवाला सळया उपटून लांब जायचा, मी ओरडायचो, "वीस! अजून, अजून, ठोक!" सळया जितक्या लांब तितकी वीज खोल उतरते. कळवणच्या डोंगरात, नांदगावच्या माळावर, दिवसाला दोन जागा व्हायच्या. आता अठ्ठेचाळीस सळया एकदम ठोकतात, बटण दाबतात, आणि मशीन स्वतःच कोणती जोडी घ्यायची ते ठरवतं. पडद्यावर जमिनीचं चित्र येतं. लाल म्हणजे कोरडा कातळ, निळं म्हणजे ओल. घणवाल्याला ओरडायला कुणी नाही. घणवाल्याचं नाव भिका, पेठकडचा, पन्नाशीचा माणूस. तो घामानं भिजला होता आणि सकाळपासून कुणी त्याला पाणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. आमच्या सोसायटीत पाणी विचारायचं म्हणजे आता विचार करावा लागतो.

शुभांगीनं मला सांगितलं ते मला माहीत होतं, पण मी ऐकून घेतलं. पिंपात दोन पोती खडेमीठ विरघळवायचं, चेंबरमध्ये ओतायचं, बोअरचा पंप चालू ठेवायचा. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते, म्हणून मीठ जमिनीतून जिकडं जाईल तिकडचा आकडा पडत जाईल. अर्ध्या अर्ध्या तासानं मोजायचं. वाट कळते, वेगही कळतो, मुरूम किती पाणी जाऊ देतो तेही काढता येतं. "आणि काका, इथं बोअर घेताना कुणी सर्व्हे केला होता का? तो कागद मिळाला तर फार बरं होईल. गळती तेव्हापासूनची आहे की नंतरची, हे त्या आकड्यावरून लगेच कळेल." दिनेश तोपर्यंत येऊन उभा राहिला होता, हातात पिंपाचं झाकण. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी त्याच्याकडं. मी म्हणालो, "अकरा वर्षं झाली. सापडणं कठीण." कपाटाच्या वरच्या खणात, स्नेहलच्या मार्कशीटच्या खाली, निळ्या फाइलमध्ये तो कागद आहे. मला डोळे मिटून सापडेल.

तेव्हा मे महिना होता. सोसायटीला बोअर घ्यायची होती आणि दिनेशचा चुलता नांदगावहून एक पाणाड्या घेऊन आला. धोतर, टोपी, तळहातावर नारळ आडवा. तो अंगणात चालला आणि गेटपाशी नारळ उभा राहिला. बायांनी हळदकुंकू आणलं. सगळे टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते. मी खुर्चीवर बसून बघत होतो. माझ्या घरात नारळ चटणीला येतो. माझा बाप नांदगाव तालुक्यातल्या एका गावात विहिरीच्या काठाखाली ओंजळ धरून उभा राहिलेला माणूस. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाही तर नाही. त्याच्या मुलाला सरकारनं पाणी शोधायची नोकरी दिली. ज्या गावांत बापाला रहाटाला हात लावू दिला नाही तसल्या गावांत मी सळया ठोकून सांगितलं, इथं खणा. खणलं आणि प्याले. मशीन विचारत नाही ठोकणारा कोण, मोजणारा कोण. त्यामुळे नारळ उभा राहिलेला बघून मला नुसतं हसू आलं नाही, माझ्या अंगाची आग झाली. पुढच्या रविवारी मी ओळखीच्याकडून मशीन आणलं, दोन माणसं आणली आणि सगळ्या सोसायटीसमोर चार जागा मोजल्या. गेटपाशी कातळ लागला. या मागच्या भिंतीपाशी आकडा उतरत गेला. साठ, अडतीस, एकवीस, नऊ, मग पुन्हा वर. कागदावर वाटीसारखी रेघ आली. मी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. "इतका कमी आकडा मी सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत पाहिला नाही," मी म्हणालो. "पाणीच पाणी."

हे मी खरंच म्हणालो. इतका कमी आकडा मी पाहिला नव्हता. त्याचा अर्थ थांबायला हवं होतं. आमच्या काळ्या दगडातलं गोडं पाणी पंचवीस, फार तर वीस. त्याच्या खाली आकडा गेला की चिकणमाती समजायची, नाही तर पाण्यात खार आहे, नाही तर घाण आहे. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. कॅन्टीनमध्ये चहा पिताना शिकवायचो. एका ठिकाणी म्हशींच्या गोठ्याशेजारी अकरा आला होता, तेव्हा मीच साहेबाला म्हटलं, हे मूत आहे, पाणी नाही, आणि साहेब माझ्या पाठीवर थाप मारून हसला होता. ते सगळं मला त्या रविवारी आठवलं नाही असं नाही. मी त्याच्यावर पाय देऊन उभा होतो. समोर दिनेशचा चुलता होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत होता, आणि मला तो अजून उतरलेला बघायचा होता.

मोहिनी तेव्हा गॅलरीतून खाली आली होती. पदराला हात पुसत माझ्या मागं उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, ही जागा नका देऊ. भिंतीपाशी अळू बघा की. मे महिन्यात कोण घालतंय त्याला पाणी? मोरीचं पाणी पितंय ते." तिनं ते माझ्या कानाशी सांगितलं, लोकांत नाही. मी मात्र लोकांत बोललो. "घ्या! अळूवर पाणी शोधायचं असतं तर सरकारनं मला मशीन कशाला दिलं असतं, सुरी दिली असती चिरायला." सगळे हसले. दिनेशचा चुलतासुद्धा हसला, त्याला तेवढीच जागा मिळाली. मोहिनीही हसली, लोकांसमोर हसावं लागतं तशी, आणि वर निघून गेली. नंतर इतक्या वर्षांत ती त्यावर एकदाही बोलली नाही. बाजारात अळू घेताना मात्र भाजीवालीला विचारायची, "मोरीवरचं नाही ना गं?" मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो. ती मला ऐकवण्यासाठी विचारायची की सगळ्या बायका विचारतात म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कुणाला विचारू?

साडेदहाला मीठ ओतलं. चेंबरचं झाकण काढलं तेव्हा वास आला आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या लागल्या. चौदा जणांना कावीळ झाली तेव्हा याच खिडक्यांतून बायका खाली ओरडून दिनेशला शिव्या देत होत्या. आता त्याच बायका त्याला डबे पाठवतात, कारण तो लिफ्टचं काम बघतोय. तेरा जण उठले आणि विसरले. जिन्यात मी दिसलो की मुलांना आत ओढतात, म्हातारा अंगावर येतो म्हणून. येतो. चौथ्या मजल्यावरचा रवी, बँकेत आहे, त्याला स्वतःला कावीळ झालेली, मला म्हणाला होता, "काका, काकूंना शुगर होती ना, त्यामुळे झालं असेल." मी त्याला म्हटलं, "तुलाही होऊ दे, मग बोलू." हे बोलायला नको होतं असं स्नेहल म्हणते. मला तसं वाटत नाही.

शुभांगी अर्ध्या तासानं बटण दाबायची. पहिले दोन तास काही झालं नाही. साडेबाराच्या सुमाराला चेंबरच्या पुढच्या सळईचा आकडा पडला. मग तिच्या पुढचीचा. मी लांब उभा होतो पण पडदा दिसत होता. निळा डाग चेंबरपासून निघाला आणि बोअरकडं सरकायला लागला. दिनेश घाम पुसत म्हणाला, "मॅडम, हे नक्की मिठामुळंच ना?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सरक, म्हणालो मी मनात, अजून, अजून. घणवाल्याला ओरडायचो तसा. वीस फुटांची वाट, आणि मोहिनीच्या पोटात गेलेलं पाणी याच वाटेनं आलं होतं. तो डाग सरकताना मी खूश होतो.

दोन सळया बोअरपाशी नीट टेकत नव्हत्या, आकडा उड्या मारत होता. शुभांगी म्हणाली, "भिका दादा, ते गवत काढून जरा ओल्या मातीत ठोका." भिकानं विळा घेतला, भिंतीपाशी वाकला आणि तसाच वाकून राहिला. "हे गवत नाय ताई. अळू हाय." त्यानं एक देठ मोडला, वास घेतला आणि फेकला. "लय खाजरं. मोरीचं हाय. हितं पाणी मोजायला मशीन कशाला पायजे? कोणाची म्हातारी पण सांगंल, हितनं मोरी फुटलीय." शुभांगी हसली. दिनेश हसला. अकरा वर्षांपूर्वी हसले तेच हसू, तीच जागा. भिका माझ्याकडं बघून म्हणाला, "खोटं हाय का, साहेब?"

दवाखान्यात नवव्या दिवशी मोहिनीचे डोळे पिवळे होते, शब्द तुटत होते. नर्स सलाईन बदलत होती. मोहिनीनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "अळूची पातळ भाजी खावीशी वाटतेय. शेंगदाणे घालून." मी म्हटलं, घरी गेल्यावर करू. ती म्हणाली, "बघून आणा." एवढंच. दोन दिवसांनी गेली. मी ते कुणाला सांगितलं नाही. भूक म्हणून बोलली असेल. आजारी माणसाला काहीही खावंसं वाटतं. पण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, आणि ती मला एखादी गोष्ट सांगायची तर अशीच सांगायची, कानाशी, दुसऱ्या कशावर तरी ठेवून. सहा महिने मी रात्रंदिवस दिनेशच्या मागं लागलो ते बघून आणा या दोन शब्दांकडं बघायला लागू नये म्हणून, हे मला भिंतीपाशी उभं राहून कळलं. आणि कळल्याचा मला राग आला. भिकाचा आला, त्या मुलीचा आला. मोहिनीचासुद्धा आला. मोठ्यानं का नाही बोललीस? चारचौघांत माझ्याशी भांडली का नाहीस? भांडली असतीस तर मी हरलो असतो, आणि तू असतीस.

मी वर गेलो. चार जिने चढताना हिशोब सरळ होता. कागद दाखवला नाही तर गळती नंतरची ठरेल, म्हणजे दिनेशच्या काळातली, त्यानं चेंबरची दुरुस्ती टाळली म्हणून. माझे सात अर्ज खरे ठरतील. त्याच्यावर गुन्हा दाखल करून घ्यायचा, असं मी वकिलाशी बोलून ठेवलं होतं. कागद दाखवला तर गळती आधीची, बिल्डरच्या वेळची, आणि तिच्या तोंडावर बोअरची खूण करणारा माणूस मी. दिनेशचा वकील तेवढंच विचारेल, पॉइंट कुणी दिला? आणि दिनेश मोकळा सुटून लिफ्टखाली उभा राहील, आणि माझ्याकडं दयेनं बघेल. त्याची दया मला सोसणार नव्हती. त्याची शिवी चालली असती.

फाइल काढली. कागद पिवळा पडला होता, पण रेघ स्पष्ट होती. वाटी, आणि वाटीच्या तळाशी नऊ. छापील फॉर्म तो. वर ठिकाण, तारीख, हवामान, निरीक्षकाचं नाव. खाली आकड्यांचे रकाने, आणि अगदी उजवीकडं शेरा. शेऱ्याचा रकाना आम्ही कुणीच भरत नसू. त्यात आजूबाजूला काय दिसतं ते लिहायचं असतं. झाड, विहीर, ओढा, गोठा, विजेची तार. नोकरी लागली तेव्हा पहिल्या साहेबानं सांगितलं होतं, पगारे, मशीनला डोळे नसतात, म्हणून हा रकाना आहे. पहिलं वर्षभर भरला. मग आकडे पुरायला लागले. त्या रविवारच्या कागदावर तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. मी टेबलाशी बसलो, चष्मा लावला. अर्ज लिहायचं तेच टेबल, तेच पेन. नऊच्या समोर लिहिलं: भिंतीपाशी अळू, मे महिना, कुणी पाणी घालत नाही, मोरीचं पाणी असावं. हात थांबला. मग त्याच रकान्यात खाली लिहिलं: निरीक्षण मोहिनी पगारे यांचं, त्याच दिवशी सांगितलं, ऐकलं नाही. आजची तारीख घातली आणि सही केली. जुनी सही आणि नवी सही, दोन्ही माझ्याच.

खाली आलो तेव्हा साडेतीन वाजत आले होते. निळा डाग बोअरला टेकला होता. शुभांगी वहीत वेळ लिहीत होती, पाच तास. मी कागद तिच्या खुर्चीवर ठेवला. तिनं नजर फिरवली. नऊवर तिचं बोट थांबलं, चांगली शिकलेली पोरगी आहे. "इतका कमी? आणि तरी इथंच..." मग तिनं उजवीकडचा रकाना वाचला. "सर, मोहिनी पगारे म्हणजे? तुमच्या खात्यात होत्या का?" दिनेशनं तिच्या खांद्यावरून कागद वाचला होता. त्याचं तोंड सैल पडलं, जे मला बघायचं नव्हतं तेच झालं. तो म्हणाला, "काका, अहो, म्हणजे गळती आमच्या आधीपासून..."

"गप्प बस," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की वरची एक खिडकी उघडली. "बोअर मी दिली. टाकीत तू सोडलीस. मी माझं लिहिलंय. आता तू तुझं लिही. याच कागदावर. जागा आहे."

तो उभाच राहिला. मी शुभांगीच्या हातातलं पेन घेऊन त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं नाही आणि मी हात खाली केला नाही. पंपाचा आवाज चालू होता. मागं भिका अळू मुळासकट उपटून भिंतीच्या पलीकडं फेकत होता, आणि उपटलेल्या प्रत्येक खड्ड्यात हळूहळू पाणी चढत होतं.